वाघाच्या मावशीला मका का विकता? ठाण्यातल्या पेट शॉपवाल्यांना खुलं पत्र

ठाणे शहरातल्या समस्त पेट शॉपवाल्यांस,

स. न. वि. वि.

मी नौपाड्यात राहते. शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. सासूबाई शहाऐंशीच्या आहेत आणि चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूणही बंद असतो. अशा घरातून मी तुम्हाला पत्र लिहिते आहे ते माझ्या बोक्याच्या पोटात जास्त मांस जावं म्हणून. हसायचं तर खुशाल हसा, घरचे हसून दमलेत.

बोक्याचं नाव बंडू. पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत सापडला, तेव्हा मुठीत मावत होता. पहिले काही दिवस त्याला आम्ही आपली परंपरागत दूध-पोळी घातली आणि त्याने ती परंपरागत पद्धतीने सगळ्या घरभर काढली. मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, हे त्या म्हणीत नाही. मग वॉचमनने सांगितलं, दुकानातलं आणा. म्हणून मी तुमच्यापैकी एकाच्या दुकानात गेले. कोणाच्या ते लिहीत नाही. त्या एकाचा हा दोष असता तर पत्र लिहायची गरज नव्हती, त्याच्याशीच भांडले असते.

काउंटरवरच्या मुलाने मला एकच प्रश्न विचारला, "कौनसा फ्लेवर?" मांजर केवढं आहे, नर की मादी, आत्तापर्यंत काय खातंय, पाणी पितं का, यातलं काही नाही. मी म्हटलं, तूच सांग. "ओशन फिश ले जाओ आंटी, सब यही ले जाते हैं." मी ते घेतलं आणि पुढची दोन वर्षं तेच नेत राहिले. छोटे छोटे दाणे, काही माशाच्या आकाराचे, काही चांदणीच्या, लाल-हिरवे-पिवळे. बंडू वाटी चाटूनपुसून साफ करायचा. मला वाटायचं, चला, निदान याचं तरी जेवण सरळ आहे.

तिसऱ्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या संध्याकाळी बंडू सारखा त्याच्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, उठायचा, परत जाऊन बसायचा. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. रात्री दहाच्या सुमारास तो न्हाणीघराच्या कोरड्या फरशीवर आडवा पडून असा काही ओरडला, की सासूबाई जपमाळ घेऊन उठून बाहेर आल्या. ट्रे पाहिला तर सकाळपासून माती कोरडीच. त्याला पिशवीत घातलं आणि रिक्षा केली. विसर्जनाच्या गर्दीत माजिवड्याला पाऊण तास अडकलो. घोडबंदर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि माझाही हात तिथे ठेवायला लावला. आत मोसंबीएवढं काहीतरी टणक लागत होतं. मूत्राशय. लघवीची वाट बंद झालेली होती. नर मांजराची ती नळी अतिशय बारीक असते; बारीक खडे आणि चिकट स्राव मिळून तिला बूच बसतं. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि दोन-तीन दिवसांत मांजर जातं. बंडूला भूल देऊन नळी घातली, तीन रात्री तो तिथे राहिला. वाचला.

डॉक्टरीणबाईंना मी दाण्यांचं पाकीट दाखवलं. त्या म्हणाल्या, "सगळं पाप या पाकिटाच्या माथी मारू नका. वजन जास्त आहे, घरातच बसून असतो, पाणी कमी पितो, सणाच्या गोंगाटाचा ताणही असतो. पण कोरडं एके कोरडं बंद करा, आणि जे घालता ते एकदा वाचा." मला हा सल्ला आवडला. शिक्षिकेला कोणी 'वाचा' म्हटलं की बरं वाटतं.

मग त्या रात्री दोन वाजता, बंडू दवाखान्यात आणि मी जेवणाच्या टेबलाशी, असं आमचं वाचन झालं. सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेतलं, कारण त्याशिवाय त्या पाकिटावरचं काही दिसतच नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूला समुद्रातून उसळी मारणारा निळाशार मासा आणि मागे घटकांची यादी. यादीचा नियम सोपा आहे: वजनाने जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिला होता मका. दुसरा कॉर्न ग्लुटेन मील, म्हणजे परत मकाच. तिसरं सोयाबीन मील. चौथ्या जागेवर चिकन मील, म्हणजे सुकवून दळलेलं चिकन, आलं. मग तांदूळ, मग तांदळाचा कोंडा, तेल, मीठ. मासा कुठे होता? अकरावा. निळाशार उसळी मारणारा अकरावा.

मंडळी, तुमच्या दुकानात हजार वेळा ऐकलेलं वाक्य आता मला पाठ आहे: "बिल्ली तो मजे से खाती है ना?" खाते. पण का खाते ते तुम्हाला तुमच्या कंपनीच्या माणसाने सांगितलंय का? भाजलेल्या दाण्यांवर शेवटी चरबी फवारतात आणि त्यावर 'डायजेस्ट' नावाचा प्रकार चढवतात. कलेजी आणि आतलं मांस एन्झाइमने विरघळवून केलेला अर्क असतो तो. म्हणजे बंडू आवडीने खायचा ते वरचं मांसाचं पॉलिश, आणि गिळायचा आतला मका. मांजराला गोड चवच कळत नाही. त्यासाठी लागणारं जनुक मांजरात निकामी आहे, हे २००५ साली अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे मका मक्याच्या चवीने त्याच्या गळी उतरणं कठीणच. रंगीत चांदण्या तर निव्वळ माझ्यासाठी होत्या. बंडूला लाल रंग धड दिसत नाही.

आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो. येऊरच्या जंगलात बिबट्या आहे, त्याला कोणी मका घालायला जात नाही. त्याचीच ही घरात राहणारी नातलग. हे नातं म्हणीपुरतं नाही, ते शरीरात आहे. आपण उपास केला की आपलं शरीर प्रथिनं जपून वापरायला लागतं. मांजराच्या यकृताला ती काटकसर फारशी जमत नाही, ते सतत प्रथिनं जाळत राहतं. गाजरातून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते बनवता येत नाही, त्याला तयार हवं, म्हणजे प्राण्याकडूनच. आणि टॉरिन. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती तुमच्या धंद्याची आहे.

टॉरिन हे एक अमिनो आम्ल, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. ते मांसातून, विशेषतः हृदयातून आणि काळ्या मांसातून मिळतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये कळलं होतं. तरी पुढची बारा वर्षं चांगल्या चांगल्या पाकिटांवरची मांजरं हृदय फुगून, स्नायू पातळ पडून मरत होती आणि का ते कोणाला कळत नव्हतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की हे टॉरिनच्या अभावाने होतंय आणि टॉरिन दिलं की हृदय सुधारतं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणजे बघा, छापील पाकीट चुकू शकतं, आणि कोणी नीट विचारलं तर सुधारूही शकतं. आज पाकिटात असतं ते टॉरिन बहुधा कारखान्यात बनवलेलं असतं. त्याला माझी हरकत नाही. ते असल्याशी कारण.

म्हणून कोणी शाकाहारी गिऱ्हाईक, माझ्यासारखंच, तुमच्याकडे येऊन "मांजरासाठी व्हेज काही आहे का हो?" असं विचारेल तेव्हा कृपा करून त्याच्या तोंडावर सांगा. त्याला वाईट वाटू दे. गिऱ्हाइकाच्या धर्माची काळजी गिऱ्हाईक घेईल, तुम्ही मांजराच्या दातांकडे बघा. दळायला एक दाढ नाही हो तिच्या तोंडात, सगळ्या कात्र्या.

आता थोडं गणित. तुमच्यापैकी अनेकांना ते येत नाही असं मी म्हणणार नाही, पण काउंटरवर ते कोणी करत नाही हे मी पाहिलंय. बंडू बरा होऊन घरी आल्यावर मी वेट फूडचं पाऊच मागितलं, तर तोच मुलगा म्हणाला, "इसमें प्रोटीन सिर्फ नौ परसेंट है आंटी, उसमें तीस है. फिर पानी के पैसे क्यों देने?" मुलगा हुशार आहे, पण वजाबाकी करायची राहिली. पाऊचमध्ये शंभरातले ८४ भाग पाणी होतं. उरले १६. त्या १६ मध्ये ९ प्रोटीन, म्हणजे ५६ टक्के. दाण्यांच्या पाकिटात पाणी १०, उरले ९०, त्यात ३० प्रोटीन, म्हणजे ३३ टक्के. नऊ हे तिसापेक्षा मोठं निघालं! माझ्या सातवीच्या वर्गात हे उदाहरण मिळालं असतं तर काय मजा आली असती.

दुसरी वजाबाकी पिठाची. पाकिटावर पिष्टमय पदार्थ किती ते छापत नाहीत, आपण काढायचं. बंडूच्या दाण्यांत प्रोटीन ३०, चरबी ९, तंतू ४, पाणी १०. राख, म्हणजे खनिजं, छापलेली नव्हती. कोरड्या खाद्यात ती साधारण ८ धरायची. बेरीज ६१. शंभरातून गेले, राहिले ३९. एवढं पीठ. उंदराच्या अंगात पीठ शोधायला भिंगही पुरणार नाही. २०११ मध्ये मांजरांना वेगवेगळं खाद्य पुढ्यात ठेवून आपलं आपण निवडू दिलं, तेव्हा त्यांनी जमवलेल्या ऊर्जेत ५२ टक्के प्रथिनांची, ३६ टक्के चरबीची आणि फक्त १२ टक्के पिष्टाची होती. त्यांना कोणी शेकडेवारी शिकवली नव्हती.

दाण्यात पीठ लागतंच, हे मला मान्य आहे. यंत्रातून दाबून फुलवताना पिठाशिवाय दाणा धरत नाही. शिजवलेलं पीठ मांजराला बऱ्यापैकी पचतंही. मी काही दाण्यांना विष म्हणत नाही. दाण्यांवर पंधरा-पंधरा वर्षं जगलेली मांजरं याच शहरात आहेत. पण ३९ आणि २० यांत फरक आहे, आणि तुमच्याच शेल्फवर, वरच्या फळीला, प्रोटीन ४० आणि चरबी १८ वाली, म्हणजे पीठ विसाच्या आसपास असलेली पाकिटं आहेत, ज्यांच्या यादीत पहिली तीन नावं प्राण्यांची आहेत. ती तुम्ही मागितल्याशिवाय काढत नाही.

आणि प्रोटीनचा आकडा मोठा असला म्हणून ते मांसच असतं असंही नाही. कॉर्न ग्लुटेन घाला, आकडा चढतो. मुळात 'क्रूड प्रोटीन' मोजतात ते नायट्रोजनवरून. २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन नावाचं रसायन मिसळलेलं निघालं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून चाचणीत प्रोटीन छान दिसायचं, आणि अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. कितीतरी ब्रँडांचा माल परत घ्यावा लागला. म्हणून मी आकड्याच्या आधी यादी वाचते. यादीतही एक गंमत आहे: 'ताजं चिकन' पहिलं लिहिलेलं दिसलं की हुरळून जायचं नाही, कारण ते वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट असतं. सुकवल्यावर त्याचा पाव-तिसरा भाग उरतो. त्यामानाने 'चिकन मील' आधीच सुकवलेलं असतं, नाव मात्र गरीब. आणि 'बाय-प्रॉडक्ट' वाचून नाक मुरडणाऱ्यांना शेजारच्या सीकेपी काकूंनी एका वाक्यात गप्प केलं: "अगं, कलेजी-पेठा सोडून मांजर छातीचा तुकडा कशाला खाईल? ते तर माणसांचं खूळ."

या काकूंमुळे आमचं निभावतंय. उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये ठेवायला लागतं, आणि आमच्या फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "त्याला काय हवं ते घाल, त्याचा तो धर्म आहे. पण माझ्या फ्रिजात नको." तेव्हा बंडूचं उरलेलं अर्धं पाऊच काकूंच्या फ्रिजमध्ये, डब्यावर त्याचं नाव लिहून. त्याची वाटी वेगळी, घासायची काथ्या वेगळी, जागा गॅलरीत. दमट हवेत तासाभरात वास यायला लागतो, म्हणून उरलं की लगेच उचलायचं. हे सगळं जमतं. पुष्कळ शाकाहारी घरांत जमेल, जर दुकानात कोणी त्यांना सांगितलं तर.

काकू चेंदणी कोळीवाड्यातून मासे आणतात आणि बंडूवर त्यांचा लोभ आहे, म्हणून मला त्यांनाही थांबवावं लागलं. मांजर म्हणजे मासे हे आपलं किनाऱ्यावरचं समीकरण. पण मांजराचे पूर्वज आफ्रिका-पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातलं रानमांजर, ते काही होडी घेऊन जात नव्हतं. कोरड्या मुलखातलं, म्हणूनच त्याला तहान कमी लागते आणि शिकारीतल्या पाण्यावर ते भागवतं. बंडूच्या दुखण्याचं एक मूळ तिथेही आहे. काही कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारं एन्झाइम असतं. नुसत्या माशांवर ठेवलेल्या मांजराची मान खाली वळते, झटके येतात. आणि नुसतं उकडलेलं चिकन? त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, फॉस्फरस भरपूर. पिल्लांची हाडं मोडतात. म्हणून मला तयार पाकीटच हवंय, म्हणूनच मी तुमच्या दारात येते. घरच्या घरी सगळं साधणं माझ्या आवाक्यातलं नाही.

आता तुमच्याबद्दलच्या तक्रारी. ओळीने सांगत नाही, आठवतील तशा सांगते.

आयात केलेल्या पाकिटांवर पत्ता, किंमत, महिना-वर्ष असायलाच हवं असा कायदा आहे, २०११ च्या वजन-मापाच्या नियमांत; म्हणून त्यांवर पांढरं स्टिकर लावतात. ठीक. पण ते स्टिकर नेमकं घटकांच्या यादीवर का बसतं? मी नखाने तीन पाकिटं खरवडली आहेत. ते स्टिकर तुम्ही लावत नाही, मला माहीत आहे. पण मागवणारे तुम्ही आहात, आयातदाराला फोन तुम्ही करू शकता. पाकिटाच्या पुढच्या माशावर लावा म्हणावं, त्याचं काही बिघडत नाही.

सुट्टे दाणे. मोठं पोतं उघडून किलो-किलोच्या पारदर्शक पिशव्या बांधून ठेवता आणि रबरबँड लावता. कोणता ब्रँड, कधी संपतं, कशाचं आहे, काही नाही. पोतं उघडलं की चरबी हवेत खवट व्हायला लागते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण. मला कळतं, पोत्याचे तीन-चार हजार एकदम कोण देणार, म्हणून लोक सुट्टं मागतात. तर निदान पिशवीत एक चिठ्ठी घाला: नाव, बॅच, तारीख, घटक. पोत्यावरच्या मजकुराची झेरॉक्स दोन रुपयांत होते.

कुत्र्याचं खाद्य मांजराला. "थोडा डॉगवाला मिक्स करो, सस्ता पड़ता है," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, गिऱ्हाईक दुसरं होतं. मी मध्ये पडले, ते गिऱ्हाईक माझ्यावरच चिडलं. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफ्को या संघटनेच्या तक्त्यात मोठ्या कुत्र्याला कोरड्या भागात किमान १८ टक्के प्रोटीन सांगितलंय, मोठ्या मांजराला २६, पिल्लाला ३०. कुत्र्याच्या तक्त्यात टॉरिनची अटच नाही. मांजर म्हणजे लहान कुत्रं नव्हे, एवढं एक वाक्य काउंटरमागे चिकटवून ठेवा.

त्या चाटायच्या क्रीमच्या नळ्या. बंडूला त्या वेड्यासारख्या आवडतात, मलाही त्याला त्या देताना मजा येते. पण त्या जेवणाच्या फळीवर का मांडता? त्यांच्यावर बारीक अक्षरात 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असतं, म्हणजे तोंडी लावणं. थायलंडहून येणाऱ्या काही सुंदर डब्यांवरही तेच लिहिलेलं असतं: नुसते ट्युनाचे तुकडे आणि रस्सा, मांस भरपूर, पण पूर्ण आहार नाही. पाकिटावर 'कम्प्लीट' शब्द आहे का, एवढं बघायला काही सेकंद लागतात. जास्त मांस पाहिजे म्हणून मी ओरडते आहे खरी, पण नुसतं मांस म्हणजे पूर्ण जेवण नव्हे, हे मला पहिल्यांदा त्या डब्याने शिकवलं.

'ग्रेन फ्री' हा शब्दही जरा जपून वापरा. मका काढून वाटाणे, हरभरे, बटाटा भरला तर पीठ तेवढंच राहतं, फक्त पाकीट महाग होतं. २०१८ पासून अमेरिकेच्या एफडीएने अशा कडधान्यवाल्या खाद्यांचा आणि हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला. तक्रारी बहुतेक कुत्र्यांच्या होत्या आणि ठाम असं काही सिद्ध झालेलं नाही, तरी 'ग्रेन फ्री मतलब सबसे अच्छा' हे तुमचं वाक्य तेवढंच सैल आहे.

एका गोष्टीवर मात्र मी खरंच रागावले आहे. बंडू नवं खाद्य खाईना, तेव्हा मला सल्ला मिळाला: "दो दिन भूखा रखो, तीसरे दिन अपने आप खाएगा." कुत्र्याचं कदाचित निभेल. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बंद पडायला लागतं. माणसासारखा उपास त्याला झेपत नाही. हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नसतं तर बंडूला मी स्वतःच्या हाताने मारलं असतं, एकादशीच्या पुण्यासकट. बदल हळू करायचा, आठ-दहा दिवस, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. हे वाक्य फुकट आहे, पाकिटाबरोबर द्या.

आता पैशांचं बोलू, कारण तुम्ही इथपर्यंत वाचत आला असाल तर मनात तेच असणार. बंडू आता साडेचार किलो आहे. त्याला दिवसाला साधारण २२० कॅलरी लागतात. मी घेते त्या ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये पन्नासच्या जवळपास. नुसत्या पाऊचवर ठेवायचा तर दिवसाला चार ते पाच, म्हणजे रोजचे दोनशे रुपये, महिन्याचे सहा हजार. माझ्या पेन्शनीत हे बसत नाही, आणि ठाण्यातल्या बहुतेक घरांत बसणार नाही. म्हणून मी दिवसाला दोन पाऊच देते, त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून, आणि वरच्या फळीवरचे ते जास्त मांसाचे दाणे ३५ ग्रॅम, किचनच्या काट्यावर मोजून. मापाने देते, वाटी भरून ठेवत नाही. ते दाणे किलोमागे जुन्यापेक्षा दुप्पट महाग आहेत, पण लागतात निम्मेच. हे गणित कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलंत तर तुमचाच महागडा माल जाईल. माझ्यासारखी बाई तुमची मोफत सेल्समन आहे, आणि तुम्ही मला लाल-पिवळ्या चांदण्या विकताय.

सगळ्याच मांजरांना हे लागू नाही. म्हाताऱ्या, मूत्रपिंडं थकलेल्या मांजराचा आहार डॉक्टरांनी ठरवायचा. लघवीसाठीची खास पाकिटंही चिठ्ठी पाहूनच द्यायची. केमिस्ट आणि तुमच्यात तेवढा फरक ठेवू नका.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. घोडबंदर पट्ट्यातली गिऱ्हाइकं दहा मिनिटांत घरपोच मागवतात. दुकानाचं भाडं, उरलेल्या पाऊचच्या तारखा, स्वस्त दाण्यांवरचा कंपनीचा मार्जिन आणि वर मी भिंग घेऊन. पण ॲप विचारू शकत नाही ते तुम्ही विचारू शकता. केवढं आहे, नर का, पाणी पितं का. तो मुलगा हुशार आहे असं मी वर लिहिलंच आहे. त्याला वजाबाकी मी शिकवेन.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी त्या दुकानात येते आहे. भिंग आणि मार्कर आणते. वरच्या फळीवरची पाकिटं तेवढी खाली काढून ठेवा, माझा हात पोचत नाही. आणि एक स्टूल.

आपली,
बंडूची आजी
नौपाडा, ठाणे